कोडाला यूव्हीबी घ्यावी का, आणि तळपायाच्या काळ्या डागाचं काय?

उपकेंद्र_तासगाव:
एकाच घरातले दोन पेशंट आहेत. सून, वय ४२, कंबरेभोवती, कपाळावर आणि बोटांच्या टोकांना कोड. मिरजेत आठवड्यातून दोनदा नॅरोबँड यूव्हीबी (यंत्रातल्या अतिनील प्रकाशाचा उपचार) सांगितलीय, पण 'लाइटने कातडीचा कॅन्सर होतो' म्हणून घरचे अडून बसलेत. सासूबाईंच्या टाचेजवळ काळा डाग आहे, वर्षभरात वाढलाय, दुखत नाही. कुरूप समजून कॉर्न कॅप लावणं चालू आहे. सुनेच्या घरच्यांना काय सांगू आणि सासूबाईंना किती घाईने पाठवू?

त्वचा_ओपीडी:
आधी सासूबाई. कॉर्न कॅप आजच बंद. त्यातल्या सॅलिसिलिक अॅसिडने कातडी पांढरी, लिबलिबीत होते आणि डागाची कड कळेनाशी होते. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, म्हटलं की सगळे पाठीवरचे तीळ बघतात. आपल्या लोकांत तो जास्त करून तळपाय, तळहात आणि नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नाही.

पाय धुऊन भिंगातून बघा. तळव्याच्या कातडीला उसाच्या रानासारखे सरी-वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत बसतो, मेलॅनोमाचा वरंब्यावर चढतो. घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके वरंब्यावरच ओळीने असतात, त्यावरून ओळखायचं. नीट दिसायला डर्मोस्कोप (कातडी बघायचं दिव्याचं भिंग) लागतो. नाही दिसलं तरी वर्षभरात वाढलेला काळा डाग एवढं कारण बायोप्सीला पुरे. जांघेत गाठ लागते का चाचपा आणि याच आठवड्यात पाठवा. चिठ्ठीवर 'मेलॅनोमा आहे का बघावे' असं स्पष्ट लिहा, 'कुरूप' नको.

एक गोष्ट बजावून सांगा: जाळणं, लेसर, वरवर खरवडणं काहीही करू द्यायचं नाही. डाग लहान असेल तर २ मिमी कड धरून अख्खा काढतात. मोठा असेल तर सगळ्यात काळ्या किंवा जाड जागेचा, खालच्या चरबीपर्यंतचा तुकडा. मेलॅनोमा निघाला तर पुढचं सगळं त्याच्या जाडीवर ठरतं. १ मिमीपर्यंत असेल तर ऑपरेशनमध्ये भोवतालची १ सेंमी कातडी, २ मिमीपेक्षा जाड असेल तर २ सेंमी. वरवर खरवडलं की ही जाडी मोजताच येत नाही.

फोटोथेरपी_युनिट:
कॅन्सरची भीती आली जुन्या पुवामधून: सोरॅलेनची (कातडी प्रकाशाला हळवी करणारं औषध) गोळी आणि यूव्हीए हा दुसरा अतिनील प्रकाश. गोऱ्या कातडीच्या सोरायसिसच्या पेशंटमध्ये शेकडो वेळा दिल्यावर धोका वाढलेला दिसला. नॅरोबँडमध्ये गोळी नसते, ३११ नॅनोमीटरचा प्रकाश असतो आणि कोडाच्या पेशंटमध्ये त्याने मेलॅनोमा वाढल्याचं दिसलेलं नाही.

सुरुवात चौरस सेंटिमीटरला २०० मिलीज्यूलने, दर वेळी १० ते २० टक्के वाढ. डाग फिका गुलाबी होऊन २४ तासांत उतरला की डोस बरोबर. लालभडक झाला किंवा फोड आला तर बरं होईपर्यंत बंद. डोळ्यांना गॉगल हवाच. सगळ्यात जास्त गोंधळ खाड्यांमुळे होतो. उसाची लागण, लग्नसराई, एसटी चुकली, मग पेशंट थेट जुन्या डोसवर येतो आणि भाजतो. शेवटच्या लाइटला आठ ते चौदा दिवस झाले तर डोस २५ टक्के कमी, तिसऱ्या आठवड्यात निम्मा, त्यापुढे पुन्हा पहिल्यापासून.

किमान सहा महिने दिल्याशिवाय 'गुण नाही' म्हणू नका. रंग केसांच्या मुळातून परततो, आधी तिळाएवढे तपकिरी ठिपके उठतात. म्हणून कपाळ लवकर भरतं. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, तिथे आशा लावू नका. डागातले केस पांढरे झाले असतील तिथेही तेच. अशा जागी कोड वर्षभर स्थिर राहिलं तर चांगल्या कातडीचं कलम करता येतं.

मेडिकल_विटा:
टॅक्रोलिमस ०.१ टक्का हे कोडाचं मलम दिलं असेल तर दोन वेळा, पातळ थर. पहिला आठवडा चुरचुरतं, घाबरून सोडतात. लाइट घ्यायला जाताना मलम लावून जाऊ नका, थर प्रकाश अडवतो. बावचीचं तेल लावून उन्हात बसणं पूर्ण बंद, तेही सोरॅलेनच, फोड येतात.

कपाळ आणि कंबर म्हणालात, तर टिकली आणि परकराची नाडी विचारा. टिकलीच्या गोंदातलं रसायन रंगपेशी मारू शकतं. नाडीच्या घर्षणाने कोड तिथेच पसरतं. साधं कुंकू आणि रुंद पट्टा, एवढा बदल औषधाइतकाच लागतो.

त्वचा_ओपीडी:
भर घालतो: सुनेची टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, कोडाबरोबर थायरॉइड वरचेवर निघतं. आणि तिच्याही अंगावरचे तीळ, तळपाय बघा. मेलॅनोमात शरीर रंगपेशींवर उठलं की पांढरे डाग येऊ शकतात. क्वचित होतं, पण बघायला पाच मिनिटं लागतात.

उपकेंद्र_तासगाव:
सासूबाईंच्या अंगठ्याच्या नखातही काळपट पट्टा आहे. दगड लागला होता म्हणतात.

त्वचा_ओपीडी:
मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, पायाच्या नखात महिन्याला दीडएक मिमी. पण इथे सरकायची वाट बघत बसू नका, टाचेबरोबर तेही त्याच दिवशी दाखवा. पट्टा ३ मिमीहून रुंद आहे का आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलाय का, हे मोजून चिठ्ठीत लिहा. फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा.