शिराकावा-गो की हिदा नो सातो?

भटकी_मांजर: एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन ताकायामाला मुक्काम आहे. जुनं जपानी खेडं बघायचंय, पण हातात एकच दिवस. शिराकावा-गोला जावं की ताकायामातलंच हिदा नो सातो हे जुन्या घरांचं खुलं म्युझियम करावं? बाबांचे गुडघे कुरकुरतात.

ढगफुटी: शिराकावा-गो, डोळे झाकून! १९९५ पासून जागतिक वारसा आहे. बसने तासाभरात पोचाल.

आढ्याखाली: डोळे झाकून नको हो. शिराकावा-गोतलं ओगिमाची हे नांदतं गाव आहे, तिथली बहुतेक घरं बाहेरूनच बघायची. वादा कुटुंबाच्या घरासारखी मोजकी तिकीट काढून आतून बघता येतात. हिदा नो सातोत मात्र ठिकठिकाणची तीसेक घरं सुटी करून आणून पुन्हा उभारलीत, आणि ती आतून निवांत बघता येतात. त्यातलं वाकायामांचं घर मिबोरो धरणापायी हलवलेलं. ते नक्की बघा.

आत गेलात की आधी वर बघा. साठ अंशांच्या त्या उभ्या गवती छपराला खिळा नाही, सगळे वासे गवताच्या दोरांनी आणि लवचिक फांद्यांनी आवळलेले. खाली इरोरी, म्हणजे जमिनीतली चूल, पेटलेली असते. तिचा धूर माळ्यावरून वर चढतो, दोर काळेकुळकुळीत होतात, गवताला कीड लागत नाही. (कपड्यांना वास लागतो, चांगला कोट घालू नका.) माळ्यावर रेशीमकिडे पाळायचे आणि जमिनीखाली बंदुकीच्या दारूसाठी सोरा पिकवायचे. म्हणजे घर कसलं, कारखानाच. हे रस्त्यावरून फोटो काढताना कळत नाही.

भटकी_मांजर: पण आईला 'खरं' गाव हवंय, म्युझियम नको म्हणते.

आढ्याखाली: मग ओगिमाचीलाच जा, आणि देआई पूल ओलांडून पलीकडचं मिन्काएन बघा. उठून गेलेल्या वस्त्यांमधली घरं तिथे आणून ठेवलीत. एकाच फेरीत दोन्ही होतं.

तसं 'खरं' गावही आपोआप टिकलेलं नाही. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही, असं गावकऱ्यांनी १९७१ मध्ये ठरवलं म्हणून ते आहे. छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने शाकारावं लागतं, तेही सावडीने, शेकडो हात लावून.

बाबांसाठी: गाव सपाट आहे, माळ्याचे जिने मात्र फार उभे. त्यांना खाली इरोरीपाशी बसवा. वरून गाव दिसतं त्या शिरोयामाच्या टेकडीवर पायी चढवू नका, शटल बस मिळते. आणि सगळ्यांनी धड मोजे घाला, दर घरात बूट काढायचे असतात.