शोपँच्या खुणा मतमोजणीने ठरतात का?

शिवडीकर
संगीतकार शोपँच्या पियानो रचनांच्या छापील स्वरलिपीतल्या खुणांबद्दल कालच्या पोस्टमधला सल्ला असा: "पॅरिस, लाइपझिग, लंडन, तिन्ही पहिल्या आवृत्त्या शेजारी ठेवा. दोघींत असेल ती खूण शोपँची, एकटी पडेल ती छापखान्याची." अहो, ही काय ग्रामपंचायतीची निवडणूक आहे? ऑप. १० (ऑपस म्हणजे रचनासंचाचा क्रमांक; हे त्याचे एट्यूड) घ्या, १८३३. प्रकाशक श्लेसिंगरने पॅरिसला छपाईच्या प्लेटा कोरल्या. किस्टनरने लाइपझिगला त्याच्याच प्रुफांवरून काम केलं, वेसेलने लंडनला पॅरिसच्या छापील प्रतीवरून. तिघींचं एकमत म्हणजे मत एकच. शिवाय प्रुफं गेल्यावर शोपँने पॅरिसला हात फिरवला असेल, तर किस्टनरची एकटी पडलेली खूणही त्याचीच, फक्त आधीची.

पट्टीचे
पोस्ट माझीच. सोयीचा ऑपस निवडलात. ऑप. २८ मध्ये (प्रील्यूड) पॅरिसने हस्तलिखितावरून कोरलं, लाइपझिगने शोपँचा मित्र फोंतानाच्या नकलेवरून. झाले ना दोन स्वतंत्र साक्षीदार?

शिवडीकर
फोंतानाने नक्कल कशावरून केली? त्याच हस्तलिखितावरून! ते वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, स्कॅन उघडा की.

मंद्र
स्कॅन उघडून तरी काय? शोपँचा लांब ॲक्सेंट (स्वरावर जोर द्यायची खूण) आणि छोटी डिमिन्युएंडोची हेअरपिन (आवाज हळूहळू उतरवायची खूण) हातच्या अक्षरात सारखीच दिसते. कोरणाऱ्याकडे ॲक्सेंटचा पोलादी ठसा असायचा, हेअरपिन मात्र हत्याराने ओढावी लागायची. मधलं काही नाही, म्हणून एकाने ठोकला ॲक्सेंट, दुसऱ्याने ओढली रेघ. मी उघडं टोक बघतो: नेमकं स्वरावर सुरू होऊन खूण त्याच स्वराच्या लांबीत मिटली, तर ॲक्सेंट. दोन-तीन स्वरांवर पसरली, तर नाद उतरवा. संपादक एकीयरच्या आवृत्तीत लांब ॲक्सेंट वेगळा छापलाय, तेवढ्यासाठी तरी ती घ्या.

क्रॉचेट१००
खुणांचं सोडा, वेगाचं बोला. ऑप. १० नं. ३ हस्तलिखितात 'विवाचे' (चपळ), मग 'विवाचे मा नॉन त्रोप्पो' (चपळ, पण फार नाही), छापताना 'लेंतो मा नॉन त्रोप्पो' (संथ, पण फार नाही), क्वेवर (अर्ध्या ठोक्याचा स्वर) मिनिटाला १००. कोण वाजवतो १०० ने? सगळे रडत रडत वाजवतात. संगीतकार शुमानच्या 'ट्रॉयमेराय' या पियानो तुकड्याचंही तेच. १८३९ च्या आवृत्तीत क्रॉचेट (एका ठोक्याचा स्वर) १००, पुढे त्याची बायको झालेल्या क्लाराने नंतर स्वतः संपादित आवृत्तीत ८० केलं, आता लोक ६० वर झोपतात.

पट्टीचे
शुमानचा मेट्रोनोमच (ठोके मोजायचं यंत्र) बिघडला होता म्हणतात.

क्रॉचेट१००
म्हणतात! यंत्र बिघडलं असतं तर ऑप. १५ चे ('ट्रॉयमेराय' ज्यात आहे तो संच) सगळेच आकडे एका दिशेला घसरले असते. क्लाराने काही तुकड्यांना हातही लावला नाही. आणि ८० हा तरी शुमानचा आकडा कुठे? तो संपादकाचा.

मंद्र
संपादक म्हणे! ज्या बाईने आयुष्यभर त्याच्या शेजारी बसून ते वाजवलं, तिला बाहेरची ठरवताय?

क्रॉचेट१००
१८३९ मध्ये त्यांचं लग्नही झालं नव्हतं. तारखा बघून भावुक व्हा.

शिवडीकर
धागा शोपँचा होता, राव.

पट्टीचे
बरं, ऑप. १० पुरतं तुमचं मान्य, हार घालू का? पण ऑनलाइन 'पहिली आवृत्ती' म्हणून मिळते तीत निम्म्या नंतरच्या छपाया असतात. प्लेट क्रमांक तोच राहतो, आतल्या खुणा बदललेल्या. मुखपृष्ठावर श्लेसिंगरऐवजी त्याचा धंदा पुढे चालवणारा ब्रांदूस दिसला की समजा, प्रत १८४६ किंवा नंतरची. हे तपासल्याशिवाय कोणती प्रत कोणावरून आली ही तुमची कुळीही लटकीच.

शिवडीकर
हे पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर भांडण कशाला झालं असतं?

क्रॉचेट१००
६० ने कोणी वाजवू नका, एवढंच.