जो लुईची जोड आजच्या हेवीवेटशी लावली तर?

शहापूरकर :
आनंदवाडीच्या आखाड्यातून कुस्त्या पाहून परतताना आमच्या मंडळींत मुष्टियुद्धावरून वाद निघाला. एका मित्राचे म्हणणे असे की जो लुई, मार्सियानो आणि अली ही हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटातल्या, जुन्या विजेत्यांची नावे कितीही मोठी असली तरी आजच्या टायसन फ्युरीसारख्या सहा फूट नऊ इंचांच्या माणसापुढे त्यांतला एकही चार फेऱ्या टिकणार नाही. मला हे मान्य नाही. आपल्याकडे जोड लावताना मातीत की मॅटवर, निकाली की गुणांवर, हे आधी ठरते, आणि कोण भारी हा प्रश्न त्यानंतरच विचारता येतो. १९१० मध्ये लंडनला आपला गामा पहिलवान आणि पोलंडचा झबिस्को यांची कुस्ती झाली, तेव्हा झबिस्को मॅटला चिकटून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ जाऊनही निकाल लागला नाही. १९२८ मध्ये पतियाळात त्याच दोघांची जोड लागली, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चितपट केले.

मुष्टियुद्धातही नियमच अनेकदा विजेता निवडतो. १९४१ च्या जूनमध्ये जो लुईविरुद्ध बिली कॉन लढला. तो खालच्या वजनगटातून आलेला होता, तरीही बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन पंचांच्या गुणपत्रिकांवर तो पुढे होता. तेराव्या फेरीत लुईने त्याला पाडले. १९५२ मध्ये तेव्हाच्या विजेत्या वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो तिन्ही गुणपत्रिकांवर मागे होता आणि त्यानेही तेराव्याच फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने विजेतेपद मिळवले. विजेतेपदाच्या लढती त्या काळी पंधरा फेऱ्यांच्या असत. १९८२ मध्ये मान्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर कोरियाच्या किम डुक-कू याचा मृत्यू झाला आणि त्यानंतर त्या टप्प्याटप्प्याने बारावर आल्या. आजचा नियम तेव्हा असता, तर लुईची विजेतेपद राखलेल्या २५ लढतींची मालिका कॉनविरुद्धच्या त्या रात्रीच तुटली असती आणि मार्सियानोची ४९ विजयांची निष्कलंक कारकीर्दही राहिली नसती. म्हणून माझे मत असे की पंधरा फेऱ्यांची लढत असेल तर लुई फ्युरीला गाठेल, आणि बारा फेऱ्यांची असेल तर फ्युरी गुणांवर निसटेल.

निपाणीकर :
शहापूरकर साहेब, आपण दिलेली उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांतून आपण काढलेला निष्कर्ष टिकत नाही. कॉन तेराव्या फेरीत पडला तो दमून नव्हे. आपण पुढे आहोत हे ठाऊक असताना त्याने लुईला बाद करण्याचा मोह धरला आणि अंतर राखून लढणे सोडून तो समोरासमोर ठोशांची देवघेव करू लागला. लढत बारा फेऱ्यांची असती तर लुईनेही आधीच घाई केली असती. पंधरा फेऱ्यांसाठी आखलेली लढत बाराव्या फेरीला कापून तिचा निकाल सांगणे योग्य नाही. गामाच्या उदाहरणात तर आपण वयच वगळले आहे. १९२८ मध्ये झबिस्को पन्नाशीला टेकलेला होता.

आता मूळ मुद्दा शरीराचा. जर्मनीच्या श्मेलिंगला १९३८ मध्ये पहिल्याच फेरीत संपवणाऱ्या लुईचे वजन ९० किलोच्या आसपास होते आणि मार्सियानोचे सुमारे ८४. आज क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या, गटाची मर्यादाच ९० किलोंच्या थोडी वर आहे, म्हणजे हे दोघेही आज हेवीवेटमध्ये उतरलेच नसते. कोणी म्हणेल की लुईने धिप्पाड कार्नेराला सहाव्या फेरीत लोळवले आणि डेम्प्सीने १९१९ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोला साडेसहा फुटी विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. पण विलार्ड तेव्हा सदतीस वर्षांचा होता, तीन वर्षे त्याने विजेतेपद पणाला लावले नव्हते, आणि पडलेला माणूस उठत असताना डेम्प्सी त्याच्या डोक्यावरच उभा होता, कारण तटस्थ, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही नसलेल्या, कोपऱ्यात दूर जाण्याचे बंधन त्या लढतीत नव्हते. त्या काळचे उंच मुष्टियोद्धे अंगाने मोठे होते, कसबाने नव्हते. पुढे लेनॉक्स लुईस आणि व्लादिमिर क्लिचको या उंच विजेत्यांनी उंचीला शास्त्र दिले. लांब जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, माणूस दूर ठेवायचा, तो आत शिरला की मिठी मारून अंगाचा भार त्याच्यावर टाकायचा आणि आठव्या फेरीपर्यंत त्याचे पाय जड करायचे. तीस-पस्तीस किलोंचा फरक मनगटाच्या चपळाईने भरून निघत नाही.

खानापूरकर :
निपाणीकर साहेबांना एकच आठवण करून द्यावीशी वाटते. युक्रेनच्या उसिकने २०२४ मध्ये फ्युरीला मे महिन्यात आणि पुन्हा डिसेंबरमध्ये हरवले. दुसऱ्या लढतीत फ्युरी सुमारे १२७ किलोंचा होता आणि उसिक त्याहून वीस-पंचवीस किलोंनी हलका होता. उसिक क्रूझरवेटमधून वर आलेला आहे. माझे चुलते पलटणीत असताना मुष्टियुद्ध खेळत असत. ते आम्हा मुलांना नेहमी सांगत की उंच माणसाच्या तोंडाकडे पाहू नये, त्याच्या पुढच्या पावलाकडे पाहावे. ते पाऊल जिथे टेकते त्याच्या बाहेर आपले पाऊल पडले की त्याची उंची त्याच्याच अडचणीची ठरते. त्या दोन्ही लढती मी हे वाक्य डोक्यात ठेवून पाहिल्या आहेत.

निपाणीकर :
मान्य, पण उसिक शंभर किलोंच्या वर आहे, डावखुरा आहे, आणि आजच्या प्रशिक्षणाची व आहाराची सर्व साधने त्याच्या पाठीशी आहेत. तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे.

हिंडलगेकर :
या वादात आकड्यांवर फार विसंबू नये, असे मला मनापासून वाटते, कारण हा प्रयोग पूर्वी झालेला आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत संगणकाला माहिती पुरवून सर्व काळांतल्या हेवीवेटची एक काल्पनिक स्पर्धा रेडिओवर ऐकवण्यात आली. तिच्यात अली जुन्या काळच्या जेफ्रीसकडून हरल्याचे दाखवले आणि अलीने त्याबद्दल बदनामीचा दावा लावला. पुढे १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो यांना प्रत्यक्ष रिंगमध्ये उभे करून एका काल्पनिक लढतीचे चित्रण झाले. व्हिएतनाम युद्धासाठी भरती नाकारल्यामुळे अलीला तेव्हा लढण्याची बंदी होती, आणि चित्रण प्रदर्शित होण्यापूर्वीच मार्सियानो विमान अपघातात गेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना त्यात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकताना दिसला, तर युरोपात अली जिंकताना दाखवला गेला. एकच संगणक, तीच माहिती, आणि प्रेक्षक बदलताच विजेता बदलला.

शिवाय, अमक्याने तमक्याला हरवले म्हणून तो तिसऱ्यालाही हरवेल, हे गणित रिंगमध्ये चालत नाही. फ्रेझर आणि नॉर्टन या दोघांनीही अलीला हरवले होते, आणि त्या दोघांनाही फोरमनने दोन-दोन फेऱ्यांत संपवले होते. कागदावर १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासाला फोरमनविरुद्ध झालेल्या लढतीत अलीला काहीच आशा नव्हती. तो दोरांना टेकून राहिला, फोरमनचे ठोसे त्याने हातांवर आणि बरगड्यांवर झेलले आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला खाली पाडले. अली मार इतका सोसू शकतो हे त्या रात्रीपर्यंत कोणत्या मोजपट्टीने दाखवले असते?

शहापूरकर :
निपाणीकर साहेब, कॉनबद्दलचा आपला आक्षेप योग्य आहे आणि तो मुद्दा मी मागे घेतो. झबिस्कोच्या वयाचेही मी भान ठेवायला हवे होते. मार्सियानोचे हात आखूड होते आणि वजन ८४ किलो, त्यामुळे फ्युरीपर्यंत पोहोचण्याआधीच तो थकेल, हेही मला पटते. लुईच्या बाबतीत मात्र मी हटत नाही, कारण त्याचा ठोसा फार थोड्या अंतरातून निघत असे आणि फ्युरीला मिठी मारायला जितका वेळ लागतो तितका तो देत नसे.

वजनाची अडचण नसलेली एक जोड मी सुचवतो. १९६६ चा अली आणि २०२४ चा उसिक. दोघेही सहा फूट तीन इंचांचे, दोघांचेही पाय हेच मुख्य शस्त्र. अलीला त्रास झाला तो डाव्या हुकचा, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाचा. १९६३ मध्ये कूपरने आणि १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत फ्रेझरने त्याला त्याच ठोशाने पाडले. उसिकचा डावा हात मुख्यतः सरळ येतो, आणि सरळ ठोशापासून मान मागे घेऊन वाचणे हे तर अलीचे खास कसब. तरीही डावखुऱ्यापुढे तो गोंधळत असे, कारण १९६६ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला डावखुऱ्या मिल्डेनबर्गरला हरवायला त्याला बाराव्या फेरीपर्यंत झगडावे लागले, आणि मिल्डेनबर्गर काही उसिकच्या तोडीचा नव्हता. बारा फेऱ्या असतील तर मी उसिकला थोडे झुकते माप देईन. पंधरा असतील तर अली, आणि तोही चौदाव्या फेरीनंतर.