संमतीने घटस्फोट म्हणजेच सचोटीचा घटस्फोट का?

शरणपूरकर
घटस्फोटाचा विषय निघाला की आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधलं मलाखी २:१६ ('देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे') वाचतात आणि विषय मिटतो. प्रकरण कोर्टात गेल्यावर ख्रिस्ती माणसाने वागायचं कसं, ते कुणी सांगत नाही. माझं मत: शक्य तिथे ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या कलम १०-अ खाली दोघांच्या संमतीनेच अर्ज करावा. एकतर्फी अर्जात कलम १० ची कारणं (व्यभिचार, क्रूरता वगैरे) लागतात आणि केस मजबूत व्हावी म्हणून ती फुगवली जातात. व्यभिचाराचा आरोप केला तर कलम ११ प्रमाणे त्या तिसऱ्या माणसालाही सहप्रतिवादी करावं लागतं. नुसत्या संशयावर लिहिलेल्या ओळीने आणखी एक घर कोर्टात येतं. निर्गम २०:१६ ची खोट्या साक्षीची आज्ञा इथेच मोडते.

निफाडची ताई
संमतीचा अर्ज स्वच्छ, हे कुणी सांगितलं? १०-अ च्या मजकुरात दोन वर्षं वेगळं राहिल्याची अट आहे. हिंदू विवाह कायद्यात एकच वर्ष. म्हणून तारखा मागे ढकलतात. नाताळपर्यंत संसार केलेली जोडपी फेब्रुवारीत 'दोन वर्षांपासून विभक्त' होतात, खाली दोघांच्याही सह्या! ही खोटी साक्ष नाही?

आणि 'गोडीगुलाबीने सोड' हा सल्ला मिळतो कुणाला, तर मार खाल्लेल्या बाईला. पूर्वी बायकोला नुसती क्रूरता पुरत नसे, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती अट उडवली, संसदेने २००१ मध्ये कायदाच बदलला. एवढं झाल्यावर तिने गप्प का बसायचं? फक्त 'नेहमी मारायचा' असं मोघम लिहू नये, उलटतपासणीत ते टिकत नाही. तारीख, जागा, सिव्हिलचा केसपेपर, कोणी पाहिलं, एवढंच लिहावं. चार घटना खऱ्या असतील तर पाचवी जोडू नये. ती पडली की आधीच्या चारही संशयात येतात.

शरणपूरकर
क्रूरता लपवा असं मी म्हटलेलं नाही. दोन वर्षं भरली नसतील तर थांबावं, तारीख बदलू नये. कलमाप्रमाणे अर्जानंतरही किमान सहा महिने थांबायचं असतं, आणि तोवर माघार घेता येते.

हिशेबनीस
आरोपांवर भांडताय, पण माणूस खरा घसरतो तो पैशात. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगारदाराचा फॉर्म १६ बोलतो. द्राक्षबागायतदार मात्र पीककर्ज दाखवतो आणि माल विकल्याच्या पट्ट्या घरी ठेवतो. सातबारा, पट्ट्या आणि बँकेचा उतारा, तिन्ही जोडा. बाईनेही शिकवण्यांचे पैसे आणि माहेरी ठेवलेलं सोनं लिहावं. ज्या उत्पन्नावर मंडळीत दशमांश (दहावा हिस्सा) देता, तोच आकडा कोर्टात येऊ द्या.

निफाडची ताई
हे पटलं. दशमांशाच्या पावत्या कोर्टात मागवता येतात, हेही लोकांना कळू द्या.

जेल रोडवरून
कॅथलिकांसाठी एक भर. धर्मप्रांताच्या न्यायासनाने, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाने, विवाह शून्य ठरवला तरी कायद्याने तो मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलंय. तेवढ्या कागदावर दुसरं लग्न लावू नका. मुलांबाबत 'भेटीची मुभा राहील' एवढं लिहून भागत नाही. नाताळ कुणाकडे, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला कोण नेणार, शाळेची फी कोण भरणार, हे अटींतच घाला.

शरणपूरकर
आणि 'प्रार्थनेची विनंती' म्हणून व्हॉट्सअॅपवर जोडीदाराची पापं वाचून दाखवणं बंद करा. मत्तय १८:१५ सांगतं, आधी एकांतात बोला.

निफाडची ताई
हात उगारणाऱ्यासमोर एकांतात? तिथे हे वचन लावू नका, साहेब. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, तिने त्यांच्याकडे जावं. पाळकांनी बरोबर जावं, समेटाची घाई न करता. ग्रुपवर टाकू नये, हे मात्र मान्य.