मुलांना उधारी आणि कर्जाचं भान कसं द्यावं? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

निशिगंधा

नमस्कार मंडळी. लेकीला यंदा पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, वसतिगृहात राहणार आहे. नुकतीच अठरा पूर्ण झाली. धाकटा दहावीत. आम्ही नाशिकला असतो.

खर्च, बचत यावर घरात बोलणं होतं, पण कर्ज हा विषय मुलांच्या कानावर पडत नाही. माझ्या माहेरी आजोबांना सावकाराच्या तगाद्यापायी जमिनीचा तुकडा विकावा लागला होता. तेव्हापासून ‘कुणाचं देणं नको’ एवढंच आम्हाला शिकवलं गेलं, आणि मीही मुलांना तेवढंच सांगत आले. आता तेवढ्यावर भागेल असं वाटत नाही. लेकीला क्रेडिट कार्डासाठी फोन यायला लागलेत. नवा मोबाइल ‘बिनव्याजी हप्त्यावर’ घेऊया म्हणून मागे लागली आहे. शिवाय फीसाठी शैक्षणिक कर्ज काढायचं आमचं चाललंय, म्हणजे शिक्षण संपेल तेव्हा तिच्या नावावर मोठं देणं असणारच.

तिला कार्ड घेऊ द्यावं का? धाकट्याला आत्तापासून काय शिकवता येईल? तुमच्या घरात काय केलंत आणि त्याचा उपयोग झाला का, ते सविस्तर लिहा, प्लीज.

जुना_कॅशियर

निशिगंधाताई, राष्ट्रीयीकृत बँकेत काउंटर आणि कर्ज विभाग दोन्हीकडे नोकरी झाली, त्या जोरावर लिहितो.

आधी धाकट्याचं. १८७२च्या करार कायद्यानुसार अज्ञान मुलाने केलेला कर्जाचा करार टिकत नाही, त्यामुळे बँक त्याला एकट्याला उभं करणार नाही. पण रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये नियम सुटसुटीत केलेत. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेच्या अटींत राहून स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. त्यात शिलकीपेक्षा जास्त पैसे काढताच येत नाहीत. असं खातं उघडून द्या आणि पासबुक भरून आणायला त्यालाच पाठवा.

लेकीला कार्ड द्या, पण मुदत ठेवीवरचं. पंधरा-वीस हजारांची ठेव ठेवली की बहुतेक बँका पगाराचा पुरावा न मागता ठेवीच्या आसपास मर्यादेचं कार्ड देतात. मर्यादा लहान असणं हाच त्याचा फायदा. शिवाय तिचा पतइतिहास सुरू होतो. सिबिलचा (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) स्कोअर ३०० ते ९०० असतो, साडेसातशेच्या वर असला की बँका खूश असतात. ज्याने कधीच कर्ज घेतलं नाही त्याचा स्कोअरच नसतो, आणि अशा माणसाबद्दल बँक साशंक असते.

कार्ड हातात देण्याआधी तिच्याशेजारी बसून एक बिल ओळ न ओळ वाचा. बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. सगळी गोम त्या दुसऱ्या आकड्यात आहे. समजा बाकी ४०,००० आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. किमान देय साधारण ५ टक्के, म्हणजे २,०००. मुलगी २,००० भरते आणि निर्धास्त होते. पण व्याज झालं १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. म्हणजे १,६५२ रुपये तिथेच गेले, आणि मूळ बाकी कमी झाली अवघ्या ३४८ने! हे गणित तिला स्वतःला करू द्या, तुम्ही सांगू नका. त्यात आणखी एक मेख आहे. एकदा पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत, म्हणजे खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंतचे दिवस, जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्डावर एटीएममधून रोकड काढली तर बिनव्याजी मुदत मुळातच नसते, वर वेगळी फी.

ऑटो डेबिटच्या (खात्यातून बिल आपोआप भरलं जाण्याच्या) अर्जात ‘एकूण देय’वरच खूण करा. तिथे ‘किमान देय’चाही पर्याय असतो आणि घाईत पुष्कळ जण त्यावर खूण करून मोकळे होतात.

रानवारा

काकांनी कार्डाचं छान सांगितलं. मी दहावीतल्या मुलाबद्दल लिहितो, कारण माझा भाचा त्याच वयाचा आहे.

त्याला बॅडमिंटनची ३,६०० रुपयांची रॅकेट हवी होती. ताई विकत द्यायला तयार होती. मी म्हटलं, थांब, मी त्याला कर्ज देतो. साधी चिठ्ठी लिहिली: महिना ४०० रुपये मुद्दल, उरलेल्या बाकीवर महिना एक टक्का व्याज, पाच तारखेला देणं. तक्ता त्यानेच चौकटीच्या वहीत आखला. पहिल्या महिन्यात व्याज ३६ रुपये, पुढे ३२, मग २८. बाकी उतरली की व्याजही उतरतं हे त्याला तिथेच दिसलं.

तीन हप्ते दिल्यावर मित्राच्या वाढदिवसाला पैसे हवेत म्हणून त्याने एक महिना सूट मागितली. मी दिली, पण व्याज बाकीत मिळवायला लावलं. २,४००चे २,४२४ झाले. चोवीस रुपये म्हणजे काहीच नाही, तरी तो वहीकडे बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “मामा, मी काहीच विकत घेतलं नाही आणि तरी बाकी वाढली.” त्यानंतर आजीने दिवाळीला हातावर ठेवलेले पाचशेसुद्धा त्याने आपणहून हप्त्यात भरले.

सुधाकाकू

रानवारा, कल्पना चांगली आहे, पण घरातल्या पोराकडून व्याज घेणं माझ्या मनाला पटत नाही. उद्या आजारपणात बहिणीला पैसे देतानाही तो टक्का काढील! हातउसने घेतले तर वेळेवर आणि न मागता परत करायचे, हे शिकवलं तरी पुष्कळ आहे असं मला वाटतं.

रानवारा

काकू, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच चिठ्ठी फक्त हौशीच्या वस्तूसाठी केली. पुस्तकं, औषधं यांत हिशेब नाही. व्याजाचे सगळे पैसे शेवटी त्याच्याच खात्यात टाकले, पण ते फिटल्यावर सांगितलं, आधी नाही.

माधवी_रेक्टर

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. निशिगंधाताई, कार्डापेक्षा मला मोबाइलमधल्या झटपट कर्जाच्या ॲपची जास्त काळजी वाटते, त्यामुळे जरा लांबण लावते.

आमच्याकडची एक मुलगी अचानक मेसमध्ये येईनाशी झाली. फोन वाजला की दचकायची. खोदून विचारलं तेव्हा कळलं की सहलीसाठी एका ॲपवरून पाच हजार घेतले होते. हातात आले जेमतेम साडेतीन, बाकी ‘प्रोसेसिंग’ म्हणून कापलेले, आणि मुदत सात दिवसांची. ते फेडायला दुसरं ॲप, दुसऱ्यासाठी तिसरं. मग वसुलीवाल्यांनी तिच्या फोनमधल्या नंबरांवर तिची बदनामी करणारे मेसेज पाठवायची धमकी दिली. घरी सांगायची तिला इतकी भीती वाटत होती की ती भलतंच काही करून बसते की काय, या धास्तीने आम्ही तिला रात्री एकटं सोडलं नाही. शेवटी आईवडिलांना बोलावलं. वडील आधी संतापले, पण नंतर सायबर पोलिसांकडे तेच सोबत गेले. मुलगी आता व्यवस्थित आहे.

म्हणून मुलीला निघण्याआधी समोर बसवून हे सांगा: पैशाचा कुठलाही घोळ झाला, कितीही मोठा झाला, तरी पहिला फोन घरी करायचा. आणि असा फोन आला तर त्या दिवशी रागवायचं नाही हे तुम्ही दोघांनीही आपसात ठरवून ठेवा. मुलं रकमेला घाबरत नाहीत हो, आपल्या चेहऱ्याला घाबरतात.

नियमही माहीत असू द्या. डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधले संपर्क आणि फोटो बघायची मुभा नाही. पैसे बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत. वार्षिक खर्चाचा दर दाखवणारं तथ्यपत्रक आधी द्यावं लागतं. कर्ज घेतल्यावर सुरुवातीच्या ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून कर्जातून बाहेर पडता येतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन चालत नाहीत. अधिकृत संस्थांशी जोडलेल्या ॲपची यादी २०२५पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. धमकी किंवा फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि स्क्रीनशॉट पुसू नका.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत २००९च्या कार्ड कायद्यानंतर एकवीसच्या आतल्या मुलांना स्वतःचं उत्पन्न किंवा सहकर्जदार दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नाही. आम्ही मुलाला आमच्या कार्डावर जोडून घेतलं आणि दर महिन्याला त्याच्या खर्चाच्या ओळी त्यालाच वाचायला लावल्या. माधवीताईंच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन.

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. माधवीताई, तुमचा प्रतिसाद यांनाही वाचायला दिला. रात्री आम्ही दोघं बराच वेळ त्यावर बोललो.

जुना_कॅशियर काका, मोबाइलचं राहिलंच. “व्याज नाही तर हप्त्याने घ्यायला हरकत काय?” या तिच्या प्रश्नाला काय सांगू? आणि शैक्षणिक कर्जाबद्दल मुलीला नेमकं काय समजावू?

जुना_कॅशियर

ताई, तिला दुकानात घेऊन जा आणि तिलाच विचारू द्या, “रोख दिले तर केवढ्याला द्याल?” पुष्कळदा तिथेच काही सूट निघते, जी हप्त्यावाल्याला मिळत नाही. ‘बिनव्याजी’त बँक व्याज लावतेच, तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देऊन टाकते. पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी गिऱ्हाइकाच्या माथी राहते. हे सगळं मांडूनही हप्ता परवडत असेल आणि तो तिच्या महिन्याच्या पैशातून जाणार असेल तर घेऊ द्या, माझी ना नाही. ‘फ्लॅट’ दर मात्र ओळखायला शिकवा. ६०,००० रुपये १२ टक्के फ्लॅटने वर्षभरासाठी घेतले तर हप्ता ५,६००. शेवटच्या महिन्यातही व्याज पूर्ण साठ हजारांवर धरलेलं असतं, त्यामुळे घटत्या बाकीने खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. दुचाकीच्या कर्जात मुलं इथेच फसतात.

शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर मुलीला आपल्या शेजारी बसवून सही करायला लावा. तुम्ही सहकर्जदार असाल, तेव्हा हप्ता थकला तर तिच्यासोबत तुमचाही स्कोअर घसरतो, हे तिला आधीच कळू द्या. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या उचलीपासून चालू असतं. सहा लाख पूर्ण उचलले आणि दर १० टक्के असला तर महिन्याला ५,०००. शिकत असतानाच त्यातलं जमेल तेवढं भरत गेलात तर पुढचा हप्ता हलका होतो. त्यात महिना पाचशे का होईना, तिने तिच्या पैशातून घालावेत असं माझं मत आहे.

मात्र रक्कम ठरवायच्या आधी दोन गोष्टी बघा. राज्य सरकारने २०२४-२५पासून, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना कॅपमधून (सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. तुम्ही त्यात बसत असाल तर कर्ज बहुधा वसतिगृह आणि मेसपुरतंच लागेल. दुसरं, कॉलेज पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आहे का ते बघा. असेल तर तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला आणि कॅपचं प्रवेशपत्र घेऊन आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा, बँकेत त्यानंतर.