लाखेच्या पाटल्या आटवल्यावर वजन एवढं कसं घटलं?

सायली: आईच्या लाखेच्या पाटल्या मोडायला नेल्या. वजन भरलं 52 ग्रॅम. सोनाराने समोरच आटवल्या, लगड (आटवलेल्या सोन्याचा गोळा) निघाली 38 ग्रॅमची आणि टंच (शंभर भागांत शुद्ध सोनं किती) 84. म्हणजे शुद्ध सोनं 32 ग्रॅमही नाही! लगड घेऊन घरी आलेय. फसवलं का? आणि सोनं शुद्ध करतात म्हणजे नेमकं काय करतात?

गलाईवाले काका: ताई, वर सोन्याचा पत्रा आणि आत लाख. ती भट्टीत जळून गेली, 14 ग्रॅम तिथंच संपले. जुन्या दागिन्यात डाख, म्हणजे सांधे जोडायचा मिश्र धातूही फार, तो सोन्यात मिसळला की टंच उतरतो.
मी विट्याकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारा. सोळाव्या वर्षी मदुराईला मामाच्या भट्टीवर गेलो. सोनं शुद्ध करायला आम्ही आधी त्यात चांदी घालतो! ऐकून लोक हसतात. पण सोनं जास्त असलं तर तेजाब (ॲसिड) आत शिरत नाही, म्हणून एका भागाला अडीच-तीन भाग चांदी. तो रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडमध्ये) उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं, तांबूस धूर निघतो (मामाचा खोकला त्यातलाच), तळाला काथासारखी भुकटी उरते. पहिल्या आठवड्यात मी ती गाळ समजून ओतायला निघालो होतो, मामानं मनगटच धरलं. तीच धुऊन टाकणखार घालून आटवली की पिवळीधमक. चांदीही सोडत नाही. ती विरघळलेल्या तेजाबाच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या टाकल्या की ती खाली बसते, पाणी निळं होतं.

हर्षद: खाणीतपण असंच का काका?

गलाईवाले काका: नाही. तिथं टनभर दगडात मोजके ग्रॅम. रायचूरकडच्या हट्टीत दगड पिठासारखा दळून सायनाइडच्या पाण्यात सोनं उतरवतात. कोलारची खाण तर तीन किलोमीटर खोल गेली होती, 2001 मध्ये बंद पडली. आमची खाण म्हणजे सोनाराच्या दुकानातला केर. टनामागं त्यात खाणीतल्या दगडापेक्षा जास्त सोनं असतं, म्हणून सोनार तो फेकत नाही, विकतो.

सायली: आणि 84 टंच खरा कशावरून?

गलाईवाले काका: लगड तुमच्याकडंच आहे ना? दुसऱ्या दोन ठिकाणी मशीनवर टंच काढून घ्या. आकडे जुळले तरच विका.

सायली: उद्याच जाते. आई मात्र अजून 52 ग्रॅमच धरून बसलीय.