वीटभट्टीतला पिझ्झा?

अर्धविराम
बाणेरमधल्या एका पिझ्झाच्या हॉटेलाचं मेनूकार्ड मराठीत करून द्यायचंय. जागा तशी साधीच आहे, लाकडी बाकडी आणि कागदी रुमाल. पिझ्झा मात्र अंजीर आणि निळं चीज घातलेला, वगैरे. वरची ओळ आहे 'कॅज्युअल गूर्मे ब्रिक-ओव्हन पिझ्झा', म्हणजे निवांत बसून खायचा, खवय्यांसाठीचा, विटांच्या भट्टीत भाजलेला पिझ्झा. डिझायनरने आधीच 'वीटभट्टीतला पिझ्झा' असं टाकून ठेवलंय आणि मालक खूश आहेत. मला ते वाचलं की गाढवं आणि धूर दिसतो. नुसतं 'भट्टीतला पिझ्झा' म्हणावं तर मालकांच्या आई म्हणाल्या, "हातभट्टी वाटते. बायकापोरांना घेऊन कोण येईल?" दुसरा शब्द सुचवा. 'कॅज्युअल गूर्मे'चंही काही जमलं तर बघा. शुक्रवारी छपाईला जातंय.

खापरपणजी
वीटभट्टी म्हणजे जिथे विटा भाजतात ती. चुनाभट्टी म्हणजे जिथे चुना भाजतात ती. मुंबईत त्या नावाचं स्टेशनच आहे. मराठीत भट्टीच्या आधीचा शब्द काय भाजायचं ते सांगतो, भट्टी कशाची बांधलीय ते नाही. त्या हिशेबाने सरळ 'पिझ्झाभट्टी' करा.

तिरपागडा
मग हातभट्टीत काय, हात भाजतात?

खापरपणजी
हातभट्टीत अक्कल भाजते. तो शब्द वेगळा, तिथे 'हात' म्हणजे घरगुती, सरकारी परवान्याशिवायची. विषय भरकटवू नका.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात हा वादच नाही. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीला फोर्न म्हणतात. पोर्तुगीज फोर्नो, त्याच्यामागे लॅटिन, आणि त्याच घराण्यातला इंग्रजी फर्नेस. तुम्ही पोर्तुगिजांकडून पाव घेतलात, पगार घेतलात, बटाटा घेतलात, फोर्न तेवढा तिथेच ठेवून आलात. आता भोगा.
बाकी पद्धत जवळपास तीच. आत लाकडं पेटवायची, भिंती तापल्या की निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि मग पोई आणि उंडे हे आमचे पाव आत. पिझ्झाला विस्तव आतच एका कडेला जळता ठेवतात, एवढाच फरक.

अर्धविराम
फोर्न छान आहे हो, पण बाणेरमध्ये कुणाला कळणार?

मांडवीकाठ
ओव्हन तरी कुणाच्या पणजीला कळत होता?

पीठमळे
सगळे व्युत्पत्तीवर घसरण्याआधी ही वस्तू काय आहे ते बघून घ्या. वर विटांचा बुटका घुमट, खाली लाद्या, पुढे कमानीसारखं तोंड. नेपल्समध्ये 1984 साली अस्सल नेपोलिटन पिझ्झासाठी एक संघटना निघाली, तिने नियम घालून दिलेत: तळ 380 ते 430 अंश सेल्सिअस, घुमट 485च्या आसपास, पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर. घरचा ओव्हन 250ला दमतो. विटेचं काम उष्णता साठवून ठेवण्याचं. खालून लादी चटका देते, वरून घुमट तापवतो, आणि ज्वाळ छताला चाटत तोंडाकडे येते. म्हणून बूड कडक होतं, कड फुगते, तरी मध्ये ओलावा राहतो. त्याच पिझ्झाला घरच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवलं की त्याचा खाकरा होतो.
तंदूर म्हणू नका. तंदूर उभा, त्यात रोटी भिंतीला चिकटवतात. चूलही नाही, चुलीला वरून तोंड. माझ्या मते 'घुमटभट्टी'.

खापरपणजी
घुमटभट्टी म्हणजे माझ्याच नियमाने जिथे घुमट भाजतात ती. विजापूरला पाठवा.

पाणिनीचा पुतण्या
इथे कुणी मुळाशी जातच नाहीये. भट्टी हा संस्कृत 'भ्राष्ट्र'चा अपभ्रंश. चणे-फुटाणे भाजणाऱ्या भडभुंज्याचं भाडही तिथलंच. म्हणजे भट्टी मुळात खाण्याच्याच पदार्थांची, दारूवाल्यांनी ती मागाहून पळवली. आणि पिझ्झा परका आहे असं कुणी सांगितलं? लॅटिन 'पिन्सेरे' म्हणजे कुटणे, दळणे. तोच आपला 'पिष्' धातू. पिष्ट, त्यावरून पीठ. 'भ्राष्ट्रपिष्टिका' म्हणा, एका शब्दात काम होतं. दिनांक, महापौर हे शब्द आले तेव्हाही लोक असेच हसले होते.

तिरपागडा
"दादा, दोन भ्राष्ट्रपिष्टिका, एकीवर एक्स्ट्रा चीज." म्हणून बघा एकदा.

उंबरा
पुतण्या, पिन्सेरे आणि पिष् ही भावंडं आहेत हे मान्य. पण पिन्सेरेपासूनच पिझ्झा आला हे अजून ठरलेलं नाही. ग्रीक 'पिटा'वाले आहेत, जर्मानिक टोळ्यांच्या भाषेतल्या 'घास' अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवणारे आहेत. हाती आहे तो इसवी सन 997चा, इटलीतल्या गाएताचा दस्तऐवज. गिरणीच्या खंडापोटी बिशपला नाताळात 12 पिझ्झे आणि ईस्टरला 12 पिझ्झे द्यायचे असं त्यात लिहिलंय. त्याच्या मागे सगळे अंदाज.

घडवंची
पिझ्झे??

उंबरा
मग काय? एक घोडा, दोन घोडे. एक पिझ्झा, दोन पिझ्झे.

घडवंची
एक राजा, दोन राजे म्हणता ते ठीक. पण राजाचा म्हणता, राज्याचा नाही. काकाचा म्हणता, काक्याचा नाही. 'पिझ्झ्यावर' हे तर बोलून दाखवा, दात पडतील. दोन पिझ्झा, पिझ्झावर, पिझ्झाचा. परका शब्द आहे, त्याला आपले प्रत्यय सोसतील तेवढेच लावा.

उंबरा
कॅमेऱ्यात, सोड्याची बाटली. दोन्ही परकेच, कुणाचे दात पडले? शब्द घरात घेतला की त्याने घरचं वळण घ्यायचं.

वूस्टरचा रस्ता
अमेरिकेतून लिहितोय, न्यू हेवन, कनेटिकट. इथली वूस्टर स्ट्रीटवरची फ्रँक पेपेची जागा 1925पासूनची. विटांची भट्टी, जळण कोळशाचं. गंमत म्हणजे इथे पिझ्झा म्हणतच नाहीत, पाट्यांवर 'अपिझ्झा' लिहितात आणि म्हणतात 'अबीत्झ'. तो पुढचा अ म्हणजे नेपल्सच्या बोलीतलं स्त्रीलिंगी उपपद. म्हणजे मुळात 'ती पिझ्झा'! नुसता 'प्लेन' मागितला तर टोमॅटो आणि वरून किसलेलं चीज, एवढंच मिळतं. मॉझरेला हवं तर वेगळं सांगायचं.
सासूबाईंना घेऊन गेलो होतो. पत्र्याच्या ताटात कागद, कागदावर वेडावाकडा लंबगोल आणि त्याची कड जागोजाग काळी. त्यांनी बोटाने काळा पापुद्रा खरवडून बघितला आणि म्हणाल्या, "करपलाय, परत पाठव." वाढणाऱ्या पोरीने समजावलं की हा असाच हवा असतो, लोक तेवढ्यासाठी रांगा लावतात. त्यावर सासूबाई माझ्याकडे वळून, "मग मी तीस वर्षं पोळ्या करपवल्या तेव्हा कुणी रांग का नाही लावली?"
तर माझा प्रश्न: या काळ्या फोडांना मराठीत काय म्हणायचं?

पीठमळे
खरपूस.

खापरपणजी
खरपूस सोनेरी-तांबूस. काळं झालं की करपलं.

मांडवीकाठ
फुलक्याला डाग पडतात ते काळेच असतात की. 'चांगले डाग पडलेत' असं कौतुकानेच म्हणतो.

उंबरा
डाग. हाच शब्द. मेनूवर 'डाग पडलेला पिझ्झ्या…' नको, राहू दे.

घडवंची
बघा! स्वतःच्याच जिभेवर येत नाही.

उंबरा
टंकनदोष होता. 'पिझ्झा' लिहायचं होतं.

पाटीपुसणे
एक शंका. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनावर जायला सांगितलं. इराण्याच्या बेकरीतली भट्टी गॅसवर गेली की तिला भट्टी म्हणायचं का? माझ्या मते विस्तव दिसला पाहिजे. बटण फिरवून पेटते ती शेगडी.

पीठमळे
विटा त्याच, घुमट तोच, तापमान तेच. इंधन बदललं म्हणून नाव का बदलावं? घराघरात गॅस आला तरी आपण 'चूल पेटली नाही' म्हणतोच.

अर्धविराम
इथली गॅसवरचीच आहे, बाय द वे. ओंडके शेजारी नीट रचून ठेवलेत, शोभेला.

पाटीपुसणे
मग तर प्रश्नच मिटला. 'शोभेच्या लाकडांचा पिझ्झा'.

तिरपागडा
गूर्मेचं सांगतो. 'चवीनं खाणार त्याला देव देणार' हे टाका. आणि कॅज्युअलला 'पिझ्झा खानावळ'.

खापरपणजी
खानावळ म्हटलं की महिन्याचं कार्ड, डावीकडे चटणी आणि रविवारी संध्याकाळी बंद. अंजिराचा पिझ्झा खायला येणारा दारातूनच परत जाईल. 'चोखंदळ' चालेल, पण 'चोखंदळ पिझ्झा' नको, तो पिझ्झाच गिऱ्हाईक निवडतोय असं वाटतं. आणि कॅज्युअल गाळा. हॉटेलात निवांत बसायला मिळणार हे पाटीवर छापावं लागत असेल तर ते हॉटेलच संशयास्पद.

पाणिनीचा पुतण्या
भट्टीची एवढी लाज का? एखाद्याचा लेख, एखाद्याचं गाणं चांगलं झालं की 'भट्टी जमली' म्हणता ना? तेव्हा कुणाच्या आईंना हातभट्टी आठवत नाही.

मांडवीकाठ
ती भट्टी दारूचीच. जमली तर जमली, नाहीतर वास.

पाणिनीचा पुतण्या
ती परटाची. कपडे सोड्यात उकळायचे, भट्टी नीट लागली तर पांढरे शुभ्र.

उंबरा
हलवायाची असणार. आमच्याकडे लग्नाच्या जेवणाला अंगणात भट्टी लावत, आचारी तेच म्हणायचा.

अर्धविराम
मंडळी, शुक्रवार. सध्या 'पिझ्झाभट्टी' आणि 'ब्रिक-ओव्हन पिझ्झा' तसंच देवनागरीत, असे दोन पर्याय माझ्यापुढे आहेत. कुणी एकावर बोट ठेवेल का?

घडवंची
पुतण्या, 'सोड्यात' म्हणालात. उंबऱ्याच्या पक्षाला गेलात की काय?

पाणिनीचा पुतण्या
'सोड्यात' ऐकून ऐकून कानात बसलंय. 'पिझ्झ्यात' अजून बसलेलं नाही, एवढंच.

उंबरा
अजून नाही, हे बरोबर बोललात. आमच्या नातवाला विचारा, तो 'पिझ्झ्यावरचं मक्याचं काढून दे' असंच म्हणतो. वय साडेचार, दात सगळे शाबूत.

वूस्टरचा रस्ता
पण मग 'ती पिझ्झा' का नाही, हे कुणीच सांगितलं नाही. भाकरी ती, पोळी ती, रोटी ती.

तिरपागडा
पराठा तो. उत्तपा तो. डोसा तो. वर काही घातलं की पुल्लिंगी होत असावं.

घडवंची
डोशावर की डोस्यावर?